पॅकिंगआधी आम्ही फोन करू

"आत्या, तू गेटवे बदलतेयस, देव नाही," पडद्यावरून गार्गी म्हणाली. "एवढा काय विचार करायचा त्यात?"

"देव बदलायला इतके कागद लागत नाहीत," शरयू म्हणाली आणि हातातली फुलवात पुरी करून परातीत ठेवली.

शरयू कोपर्डेकर कराडच्या सोमवार पेठेत राहायची आणि 'वातीघर' नावाचं ऑनलाइन दुकान चालवायची. निरांजनाच्या फुलवाती, समईच्या लांब वाती, काकडे, सगळं हातानं वळलेलं. आईवडिलांची दुखणीखुपणी काढता काढता लग्नाचं वय कधी मागे पडलं ते तिला कळलं नाही, आणि मग ते दोघंही आगेमागे गेले. राहिलं ते दोन खोल्यांचं घर आणि दुधाचं बोट लावून वात वळायची आईची रीत. या दोन्हींवर तिनं दुकान उभं केलं. यंत्रानं वळलेल्या वाती पैशाला पासरी मिळत असताना हे दुकान चाललं कसं, असं शेजारीपाजारी विचारायचे. चाललं ते तिच्या एका खोडीमुळे.

फोन केल्याशिवाय ती पाकीट बंद करायची नाही. निरांजनाची वाटी उथळ असेल आणि फुलवात मोठी, तर वात काजळी धरते. वाटी खोल आणि वात बुटकी, तर ती तुपात बुडून विझते. तेव्हा ऑर्डर आली की शरयू स्वतः गिऱ्हाइकाला फोन लावायची आणि म्हणायची, "निरांजनात बोट उभं धरा आणि किती बुडतंय ते सांगा. अर्धं पेर, एक पेर, काय असेल ते." लोक बोट धरायचे, माप सांगायचे, मग निरांजन कुणाचं, आजीचं की सासूबाईंचं, हेही सांगायचे. दुकानाच्या पानावर वातींच्या फोटोखाली तिनं एक ओळच टाकून ठेवली होती: 'पॅकिंगआधी आम्ही फोन करू.'

गार्गी ही तिच्या भावाची मुलगी. पुण्यात तिचं कामच हे होतं, छोट्या दुकानांना पैसे घेण्याची सोय लावून द्यायची. तिनं आत्याला पुन्हा एकदा पहिल्यापासून समजावलं.

"हे बघ, गेटवे म्हणजे दारावरचा माणूस. गिऱ्हाइकाचे पैसे तपासून आत सोडतो. मर्चंट अकाउंट म्हणजे आतला गल्ला, तो बँकेचा असतो. दारावरचा माणूस ढिला असला की बँक गल्ला ठेवायला कचरते. तुझा आत्ताचा गेटवे, 'उंबरठा', तो नाडी तपासत नाही. म्हणून बँक तुझे पैसे अडकवून ठेवते आणि वर जास्त कापून घेते. 'निर्धास्त'कडे गेलीस तर कापणार निम्मं आणि पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात."

"नाडी कशाला तपासायची? वाती विकते मी, औषधं नाही."

तर या नाडीची गोष्ट अशी. काही वर्षांपूर्वी म्हाताऱ्या माणसांना फोनवर धमकावून पैसे काढून घेणाऱ्यांनी उच्छाद मांडला होता. पासवर्ड बरोबर, माणूस बरोबर, बोटाचा ठसा बरोबर, फक्त त्या माणसाच्या मानेवर कुणीतरी अदृश्य सुरी धरलेली. यंत्राला सगळं खरं दिसायचं आणि पैसे जायचे. मग काही शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की पैसे देताना बोट फोनच्या कॅमेऱ्यावर टेकवलं, तर त्यातून झिरपणाऱ्या उजेडात रक्ताचा प्रत्येक ठोका मोजता येतो. दोन ठोक्यांमधलं अंतर कधी किंचित वाढतं, कधी आखडतं, आणि हे कमीजास्त होणं माणसाच्या हातात नसतं. भीतीनं दिलेल्या पैशाची नाडी वेगळी आणि हौसेनं दिलेल्या पैशाची वेगळी. त्यावरून यंत्र शिकलं. लुबाडणूक खरोखरच कमी झाली, कित्येकांची म्हातारपणाची पुंजी वाचली, हे नाकारायचं कारण नाही.

पण यंत्राला एकदा शिकवायला बसलं की ते सांगितलं तेवढंच शिकून थांबत नाही. पडद्यावर डोळा कुठे आहे आणि त्या क्षणी नाडी कशी आहे, हे जोडून बघता बघता त्याला आणखी एक गोष्ट ओळखता येऊ लागली. वस्तूच्या चित्रावर नाडी अगदी थंड, आणि भलत्याच ठिकाणी उसळी. अशी माणसं घरात खोकी साठवत होती, दारात येणाऱ्या डिलिव्हरीवाल्याशी घटकाभर बोलायला मिळावं म्हणून. विक्रेते त्याचा फायदा घेत होते. मग नियम आला आणि या प्रकाराला नाव मिळालं, 'एकाकी खरेदी'.

"तुला त्याचं काय?" गार्गी म्हणाली. "वाती कोण एकाकीपणानं घेतंय? थांब, चाचणीची ऑर्डर मीच टाकते. मला तशाही दिवाळीला हव्याच आहेत."

तिनं बोट टेकवलं, हिरवी खूण आली, आणि वातीघर 'निर्धास्त' झालं.

दर शनिवारी एक ऑर्डर ठरलेली असायची. अकोल्याचे दिगंबर ठोसर, फुलवातींचं एक पाकीट. रविवारी सकाळी शरयू फोन लावायची. पलीकडून आधी रेडिओचा आवाज यायचा आणि मग ठोसर म्हणायचे, "थांबा जी, रेडिओ बारीक करतो."

ठोसर भूमापन खात्यातून निवृत्त झाले होते. जन्मभर लोकांची शेतं मोजली. एका बांधावरून कुऱ्हाडी काढून उभ्या राहिलेल्या दोन भावांच्या मधोमध मोजणीची साखळी धरून ते कसे उभे राहिले, ती हकीकत त्यांनी शरयूला तीनचार हप्त्यांत सांगितली होती. शरयू त्यांना प्रीतिसंगमावर पाणी कुठपर्यंत चढलं ते सांगायची. ते अकोल्याचं ऊन सांगायचे, "इथं तर माणूस पापडासारखा भाजून राहिला बाई." आणि या सगळ्याच्या शेवटी ती विचारायची, "बरं ठोसरसाहेब, निरांजनाची वाटी किती खोल म्हणालात?"

आता गंमत बघा. एकरभर जमिनीत बोटभर चूक न करणारा हा माणूस, पण त्याच्या निरांजनाची खोली दर रविवारी बदलायची. एकदा अर्धं पेर, पुढच्या खेपेला चांगली दोन पेरं, एकदा तर "करंगळी बुडेल, अशी" म्हणाले. नदीकाठची शेतं पुरात कमीजास्त होतात, निरांजनं होत नाहीत. या घरात निरांजनच नाही हे शरयूला दुसऱ्या ऑर्डरलाच कळून चुकलं होतं. ती काही बोलली नाही. सांगितलेलं माप लिहून घ्यायची आणि त्या आठवड्याला बरोबर त्या मापाच्या वाती वळून पाठवायची. ताकाला जाऊन भांडं लपवायचं हा आपल्याकडचा जुना रिवाज, आणि इथे तर ताक देणारीही भांड्याकडे न बघता ओतत होती. रविवार सकाळ सोडली तर तिच्या आठवड्यात वाट बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

'निर्धास्त' सुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी पडद्यावर लाल ओळ आली.

दिगंबर ठोसर, अकोला. व्यवहार थांबवला. वस्तूची इच्छा आढळली नाही. वर्ग: एकाकी खरेदी.

शरयूनं ती वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि गार्गीला फोन लावला.

गार्गीनं तिच्या बाजूनं तपशील उघडून पाहिला. "आत्या, वातींच्या फोटोवर नाडी एकदम थंड आहे यांची. उसळी आलीय ती... एक मिनिट... खालच्या ओळीवर. 'पॅकिंगआधी आम्ही फोन करू.' बाप रे. दर वेळी असंच असणार बघ. यांना वाती नकोच होत्या."

"ते मला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणजे? माहीत असून विकत होतीस?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला सांगितलंस ते सांगितलंस. बाहेर कुणापाशी बोलू नकोस. याला एकाकीपणाचा गैरफायदा म्हणतात. दुकानं बंद झालीत यापायी."

शरयूला कुणीतरी भर रस्त्यात चोर म्हणावं तसं झालं. मग तिनं विचारलं, "त्यांना कळलं असेल का? का थांबवलं ते?"

"हो. मेसेज जातो ना त्यांना."

"काय असतं त्यात?"

"ठराविक मजकूर असतो काहीतरी. मला पाठ नाही. आणि ऐक, आता सहा महिने तू त्यांना संपर्क करायचा नाहीस. करारात आहे. दुकानाच्या नंबरावरून केलेला प्रत्येक फोन गेटवेला दिसतो. थांबवलेल्या गिऱ्हाइकाला विक्रेत्यानं गाठलं की अकाउंट बंद, आणि नाव सामाईक यादीत. मग 'उंबरठा'सुद्धा तुला दारात उभं करणार नाही."

"आणि मी आजच करार सोडला तर?"

"ही अट सुटत नाही, आत्या. ती त्या माणसाच्या भल्यासाठी आहे."

त्या रविवारी सकाळी शरयूनं फोन नेहमीच्या जागी ठेवला, शेजारी वही-पेन्सिल ठेवली, आणि मग तिच्याच लक्षात आल्यावर ती उचलून ठेवली. संगमावर पाणी उतरलं होतं. घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. हे तिला कुणाला तरी सांगायचं होतं, आणि सांगण्याजोगं माणूस अख्ख्या कराडात नव्हतं.

दुकान मात्र वाढलं. 'निर्धास्त'ची हिरवी खूण बघून मोठी गिऱ्हाइकं आली, मंगल कार्यालयं आली, परदेशातली मंडळं आली. त्यांना वाती हव्या होत्या, खऱ्याखुऱ्या. गेटवेनं सुचवलं म्हणून गार्गीनं पानावर 'फोन नको' असा एक चौकोन टाकून दिला, आणि जवळजवळ सगळेच त्यावर खूण करू लागले. कुणाच्या निरांजनाची खोली शरयूला आता कळत नव्हती. मधली मापं धरून ती वळत राहायची. अधूनमधून एखादी लाल ओळ उगवायची, साताऱ्याच्या एक बाई, भुसावळचे एक मास्तर, आणि ते आवाजही बंद व्हायचे. पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात येत होते. दिवसच्या दिवस तिच्या घशातून शब्द निघत नव्हता, आणि दूधवाल्याला "उद्या जास्त द्या" म्हणताना आपला आवाज आपल्यालाच परका वाटतो हे तिच्या ध्यानात आलं.

ठोसरांना फोन करायची निमित्तं तिनं पुष्कळ शोधली. पत्ता विचारावा, जुन्या पाकिटाची चौकशी करावी, चुकून लागला म्हणावं. शेजारच्या लीलाताईंचा फोन मागून घ्यावा असंही मनात आलं. पण ओळखीचा नंबर नसला तर ठोसर उचलत नसत, हे त्यांनीच एकदा सांगितलं होतं. शिवाय लपूनछपून करायला ती काही चोरी नव्हती. निमित्त मिळेना आणि निमित्ताशिवाय फोन करणं तिला जमेना.

एका सकाळी परातीत वाती पडत असताना तिच्या मनात आलं, त्यांना काय मेसेज गेला असेल? गार्गीला पाठ नव्हता. मग बघायचं कसं? तिनं हात पुसले, स्वतःचा फोन घेतला आणि वातीघर उघडलं. आपलंच दुकान, आपल्याच वाती, फोटोतला हातही आपलाच. एक पाकीट घेतलं. नजर खाली सरकली, तिनंच कधीकाळी लिहिलेल्या ओळीवर आली. 'पॅकिंगआधी आम्ही फोन करू.' घरात परातभर वाती असताना तिनं कॅमेऱ्यावर बोट टेकवलं.

पडदा क्षणभर विचारात पडला आणि मग फिकट निळ्या रंगात अक्षरं आली.

"थोडं थांबा. ही वस्तू तुम्हाला हवी आहे असं दिसत नाही. तुम्हाला एकटं वाटतंय का? तसं असेल तर लाजू नका. आमच्या यांत्रिक सोबत्याशी बोला. पहिली दहा मिनिटं मोफत."

शरयूला आधी संताप आला आणि मग रडू आलं. आपल्याला एकटं वाटतं हे तिला ठाऊक का नव्हतं? होतं. पण ते असं, न विचारता, वाण्याच्या दुकानातल्या पाटीसारखं कुणी समोर टांगलं नव्हतं. आणि हेच त्यांनी वाचलं असणार. कुऱ्हाडींच्या मध्ये उभा राहिलेला माणूस, घरात एकटा, समोर हे निळं वाक्य, खाली ते मोफतचं आमिष. आणि पलीकडे कराडला त्या बाईलाही हे कळणार, या विचारानं त्यांची मान खाली गेली असणार. म्हणून परत कधी शनिवारी नाव दिसलं नाही. लाज त्यांना वाटली होती, आणि ती दूर करू शकेल असं एकच माणूस जगात होतं, ती स्वतः, आणि तिलाच फोन करायची बंदी होती.

तिनं गार्गीला फोन लावला. "मी ठोसरांना फोन करणार आहे. तुला नंतर कळण्यापेक्षा आधी सांगते."

"आत्या, वेड लागलंय का तुला? अजून निम्मी मुदतही संपली नाहीये. अकाउंट जाईल, नाव यादीत जाईल, कुठलाही गेटवे घेणार नाही. वातीघर संपेल. एका फोनसाठी?"

"हो."

"आणि खाशील काय?"

"पेठेतल्या पूजासाहित्याच्या दुकानात वाती देईन. थोडं कमी खाईन."

"सहा महिने तर थांब! मग कर की हवे तेवढे फोन."

"सहा महिने ते समजत राहणार की कोपर्डेकरबाईंना कळलं आणि त्यांनी तोंड फिरवलं. गार्गी, तू मला काम नसताना शेवटचा फोन कधी केला होतास?"

"हे मध्येच काय, आत्या?" गार्गी म्हणाली.

"रागावून विचारत नाहीये गं. मीही नाही केला तुला. आपल्यात कुणी करतच नाही. काहीतरी निमित्त लागतं आपल्याला, एक पाकीट तरी लागतं." शरयूनं पदरानं नाक पुसलं. "त्या यंत्रानं ओळखलं ते काही चूक नव्हतं. पण ओळखून त्यानं दार लावून घेतलं."

गार्गी म्हणाली, "मी हे ऐकलं नाही, आत्या." आणि मग, "नीट बोल त्यांच्याशी."

शरयूनं दुकानाचा फोन उचलला. रविवार नव्हता, कुठलासा मधलाच वार होता. घंटी वाजत राहिली. उचलणार नाहीत, असं तिला वाटलं. नंबर बघून मुद्दाम उचलणार नाहीत.

"हॅलो." मागे रेडिओवर कुणीतरी बाजारभाव सांगत होतं.

"मी कोपर्डेकर बोलतेय. कराडहून."

रेडिओवर तूर आणि हरभरा होऊन गेला. मग ठोसर म्हणाले, "मी ऑर्डर नाही टाकली जी."

"माहीत आहे. ऑर्डरसाठी नाही केला."

"मग?"

आणि शरयूला पुढे काही सुचेना. इतक्या माणसांशी ती बोलली होती, पण प्रत्येक वेळी हाताशी एक प्रश्न असायचा, वाटी किती खोल. आज विचारायला काहीच नव्हतं. ती नुसती फोन धरून बसली. ठोसरही बसले असावेत. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता.

"माझ्यापाशी निरांजन नाही बाई," ठोसर एकदम म्हणाले.

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"दुसऱ्या ऑर्डरपासून. मोजणीवाल्या माणसाची मापं इतकी चुकत नसतात."

ते हसले की खोकले, तिला कळलं नाही. "डबा भरून वाती पडल्या आहेत इथं. देवाला मी कधी हात जोडत नाही. एक वात नाही लावली. तुम्ही इतकं मन लावून वळून राहिल्या आणि मी..." "त्या मशीननं मले विचारलं बाई. काय विचारलं, ते तुम्हाला कसं सांगू?"

"नका सांगू. मलाही विचारलंय त्यानं."

"तुम्हाला?"

"मी माझ्याच दुकानातून माझ्याच वाती घ्यायला गेले होते. बोट ठेवलं, तर मलाही थांबवलं. म्हणालं, तुम्हाला एकटं वाटतंय का?"

"मग? काय सांगितलं तुम्ही त्याला?"

"त्याला कशाला सांगू?" शरयू म्हणाली. "तुम्हाला सांगतेय. हो. वाटतं."

कानाशी फोन थरथरला. तिनं तो क्षणभर दूर धरून पाहिला. 'निर्धास्त'चा निरोप आला होता, पहिल्या ओळीत वातीघराचं नाव होतं आणि दुसऱ्या ओळीत 'कायमस्वरूपी' असा शब्द. तिसरी ओळ तिनं वाचली नाही. फोन पुन्हा कानाला लावला.

अकोल्यात अजून बाजारभाव चालले होते. सोयाबीन झालं, कापूस झाला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांबा जी," ठोसर म्हणाले, "रेडिओ बंद करतो."